कासमचाचांचा चहाभात

भातावर माशाचं कालवण ओतणारी माणसं अख्ख्या रत्नागिरीत आहेत. चहा ओतणारे फक्त आमचे शेजारी कासमचाचा. तोही दूधसाखरेचा नव्हे, शेवाळासारखा हिरवा.

चाचा जन्मभर जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी होते. तिथल्या चोंग नावाच्या हाक्का चिनी जोडीदाराने त्यांना हा पदार्थ शिकवला. दर शुक्रवारी नमाज आटोपली की चाचा ओसरीवर फतकल मारतात, आतून खाचा पाडलेलं मातीचं भांडं दोन पायांत धरतात आणि चहाची पत्ती, पुदिना, तुळस, तीळ, शेंगदाणे पेरूच्या लाकडाच्या दांड्याने तासभर घोटतात. त्यावर उकळतं पाणी. मग चवळीच्या शेंगा, मुळा, माठाची भाजी घातलेल्या भातावर तो काढा धो धो. मी एकदा मिक्सर सुचवला, तर म्हणाले, "मिक्सर झिजतो काय रे? दांडा झिजून पोटात गेला पायजे."

पहिल्याच दिवशी मी "वा चाचा, अमृत" म्हणालो. चूक तिथे झाली. खरं तर मला लहानपणीचं एरंडेल आठवलं होतं. पण मी पट्टीचा खवय्या म्हणून मिरवणारा, माघार कशी घेणार? तेव्हापासून दर शुक्रवारी कुंपणावरून हाक येते, "ये रे बाळा, वाडगा भरलाय." बाळाचं वय बावन्न. चाचा पाणी आणायला आत वळले की बाळ वाडगा माडाच्या आळ्यात उपडा करतो. पुरावा चाचांच्याच कोंबड्या टिपून संपवतात. तीन वर्षं झाली. माडाने चांगलं बाळसं धरलंय.

गेल्या शुक्रवारीही तसंच केलं. चाचा बाहेर आले ते मुठीत काहीतरी घेऊन. हातभर दांड्याचं बोटभर थोटूक उरलं होतं.

"चोंगनं सोताच्या हातानं करून दिलेला," ते म्हणाले. "बोलला, हा संपेल तेव्हा मी सगळा तुझ्या पोटात. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. पोरं दुबईला, त्यांना याचा वास पण नको. एकट्यानं घोटून खावंसं वाटत नव्हतं. मग तू भेटलास."

मी रिकामा वाडगा दोन्ही हातांत धरून उभा.

"आज शेवटचं घोटलं. लाकडाची चव लागली ना रे?"

"लागली, चाचा."

ते खुशीत हात धुवायला गेले. मी आळ्याशी उकिडवा बसलो. माती अजून हिरवी, ओली होती. कोंबड्या यायच्या आत चवळीचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.