मंदा सिस्टरचा फ्लेक्स

मंदा सिस्टर माणसाच्या तोंडाकडं आधी बघत नाही, हाताकडं बघते. माझ्या थोरल्याचं लग्न झालं तेव्हा नवी सून बघायला सगळी गल्ली जमली होती. कुणी रंग बघितला, कुणी नाक, कुणी मंगळसूत्राच्या वाट्या. मंदानं सुनेचा हात ओढून घेतला, कोपराच्या आतल्या अंगाला दोन बोटं दाबली आणि सगळ्यांच्या देखत निकाल दिला, "काकी, पोरगी झकास हाय. शीर बघा कशी दोरीगत वर आलीया. डोळं झाकून सुई मारा, घावंल." सून बिचारी पदर ओढून कोपरा झाकायला लागली. आता अकरा वर्षं झाली, अजून मंदा दिसली की सून लांब बाह्यांचा ब्लाऊज घालते.

तिचा हिशोबच तसला. निवडणुकीत एकजण मत मागायला दारात आला, हात जोडून उभा राहिला. तो गेल्यावर मंदा म्हणाली, "भाषान एवढं मोठं, आन् शिरा बघाव्यात तर एक बी वर न्हाई. आजारी पडला तर लय हाल हायती ह्येचं."

घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधते, नाडी मोजताना दिसावं म्हणून. तिचं अक्षर तर विचारू नका. सतरा वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून तिचंही तसंच झालंय. एकदा तिनं किराणावाल्याला सामानाची यादी दिली, त्याला काही केल्या लागेना. शेवटी शेजारच्या मेडिकलवाल्यानं ती भराभर वाचून दाखवली, वर तूरडाळीपाशी थांबून "ही जेवणाआधी का नंतर?" असंही विचारलं.

आणि तिचं ते पालुपद. सुई मारताना म्हणते, "मुंगी चावंल, बास." पण ते सुईपुरतं राहिलं असतं तर मंदा कसली? गॅसवाल्यानं सिलिंडरला उशीर होईल म्हणून सांगितलं, माझ्या पुतणीचे सासरी जाताना डोळे भरून आले, कुणाच्या उसाला तोड वेळेवर आली नाही, सगळ्यांना एकच औषध. मुंगी चावंल, बास.

राहायला ती आमच्या मलकापुरातच, गल्लीच्या शेवटच्या घरात. एकटी. मालक फौजेत होते, पेन्शनीवर आले आणि तिसऱ्या वर्षी काविळीनं गेले. मूलबाळ नाही. माहेर कोरेगावकडं, तिथं भाऊ-भावजय दिवाळीला फोन करतात. रोज सकाळी वडापच्या, माणसं भरभरून नेणाऱ्या जीपमध्ये कोंबून घेऊन ही उंब्रजला एका दवाखान्यात जायची. दवाखान्याचं नाव नाही सांगत. तिथं सुया, सलाईन, पट्ट्या, सगळं हिच्याच हातानं. लोक डॉक्टरांना नमस्कार करायचे आणि हात सिस्टरपुढं करायचे.

पण खरं सांगायचं तर मंदा सिस्टर नव्हती. बारावी सायन्स झाली, लग्न झालं, शिक्षण तिथंच थांबलं. मालक गेल्यावर म्हाताऱ्या डॉक्टरांनी ठेवून घेतलं, हाताला वळण दिलं, लोकांनी सिस्टर म्हणायला सुरुवात केली. कागद कुठलाच नाही. मग म्हातारे डॉक्टर थकून घरी बसले आणि त्यांच्या सूनबाईंनी दवाखाना हातात घेतला. शिकलेली बाई, वाईट नाही हो. कायद्यानं चालणारी. तिनं सर्टिफिकेटवाल्या दोन पोरी आणल्या, निळ्या ड्रेसातल्या, आणि मंदाला सांगितलं, "मावशी, तुम्ही आता सुया नका देऊ. तुम्ही पेशंटची नावं घ्या."

त्या दिवशी ती माझ्या ओट्यावर येऊन बसली. म्हणाली, "काकी, सकाळी सिस्टर म्हनून गेले, सांजंला मावशी हून आले." आणि हसली. मीही हसले. मला वाटलं, मुंगी चावली.

महिन्याभरानं ती एक कागद घेऊन आली. सांगलीच्या बाजूला एका कॉलेजात फिजिशियन असिस्टंटचा कोर्स होता. मी विचारलं, ते काय असतंय? तर म्हणाली, "डाक्टरच्या खाली आन् बाकी समद्यांच्या वर." पेशंट तपासायचा, लिहून काढायचं, डॉक्टरांना हाताशी राहायचं. बारावी सायन्स पाहिजे आणि एक परीक्षा. वयाची अट वाचून वाचून तिनं खात्री केली होती, वरची मर्यादा नव्हती. मंदा सेहेचाळीस वर्षांची.

आता मला जे सांगायचंय ते खाली मान घालूनच सांगायला हवं. मी तिला तोंडावर म्हटलं, भर गं भर. आणि संध्याकाळी भजनाला गेल्यावर बायकांना सांगितलं, आपली मंदा आता दोन वेण्या घालून कॉलेजला जाणार. पेटीवाली हसून हसून पेटीवर पडली. मी आणखी दोन-तीन गोष्टी जोडून सांगितल्या. मला बोलायची सवय, आणि हसणारी माणसं समोर असली की माझी जीभ थांबत नाही.

फॉर्म भरला तिनं माझ्याच घरी, फोनवर. त्यात पालकाचा मोबाईल नंबर मागितला होता. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढंच सरकेना. तिनं माझा घातला. मग नातं विचारलं. शेजारीण असं काही त्यात नव्हतं. आई, वडील, पती, एवढंच. मंदानं माझ्याकडं बघितलं आणि आईवर बोट ठेवलं. मी तिच्याहून सोळा वर्षांनी मोठी. तीन पोरांवर थांबलेल्या मला अशी उतारवयात चौथी झाली.

परीक्षेला गेली तर फाटकावरचा वॉचमन सोडेना. म्हणाला, पालकांनी झाडाखाली बसा. हिनं हॉलतिकीट दाखवलं. तो तिकिटावरचा फोटो बघतोय, हिच्याकडं बघतोय. ही त्याच्या हाताकडं. "दादा, हात सुजल्यात तुमचं. मीठ कमी करा, आन् बीपी बघून घ्या." तेव्हा कुठं त्यानं आत सोडलं.

मग सुरू झालं वाट बघणं. निरोप पालकाच्याच नंबरवर, म्हणजे माझ्या फोनवर येणार, म्हणून मंदा रोज संध्याकाळी जीपमधून उतरली की घरी न जाता आधी माझ्या दारात. चप्पल काढायची नाही, उंबऱ्यातूनच विचारायचं, "काकी, फोन वाजला का?" मी म्हणायचे, वाजला, पण तो कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या बाईचा. ती मान हलवायची, चहा घ्यायची, जायची. असे वीसेक दिवस गेले.

एका दुपारी फोन वाजला. मेसेज आला, त्यात दाबायचं काहीतरी होतं, ते दाबलं तर मोठी यादी उघडली. वर चार ओळी इंग्रजी. इंग्रजीचं आणि माझं कधी जमलं नाही, शाळाच चौथीपर्यंत. पण आडनावं मला इंग्रजीतही ओळखता येतात, लग्नपत्रिका वाचून वाचून. मी बोट सरकवत खाली खाली गेले आणि एकेचाळीस नंबरला आमची मंदा. मी तशीच उठले. त्या दिवशी तिची सुट्टी होती. गल्लीतून पळत तिच्या दारात गेले आणि म्हटलं, लागला नंबर.

तिनं चष्मा लावला. फोन हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "एकेचाळीस." आणि वाकून माझ्या पाया पडली. मला वाटलं, आनंदानं.

आमच्या भागात कुणाचं काही भलं झालं की फ्लेक्स लागतो. पोरगा भरती झाला, फ्लेक्स. म्हशीनं बक्षीस मिळवलं, फ्लेक्स. मला वाटलं, ज्या तोंडानं भजनात हसवलं त्याच तोंडानं आता मिरवू. झाकली जाईल आपली चूक. मंदाचा एकटीचा फोटो मिळेना, म्हणून हळदीकुंकवाचा मोठा फोटो दिला. फ्लेक्सवाल्यानं बाकीच्या बायका कापल्या. मंदाच्या खांद्यावर माझा हात होता, हिरव्या बांगड्यांचा, तो काही त्याला नीट कापता आला नाही. राहिला तसाच. हार्दिक अभिनंदन, आमच्या गल्लीची शान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून भजनी मंडळातल्या नऊ जणी. पेटीवालीनं गॉगलमधला फोटो दिला होता. डेअरीसमोर, गल्लीच्या अगदी तोंडावर लावला. मी त्याच्याखाली उभी राहून फोटोही काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी मेडिकलवाल्याला कौतुकानं यादी दाखवली. त्यानं वरच्या चार ओळी वाचल्या आणि आवाज बारीक केला. म्हणाला, "काकू, ही निवड झालेल्यांची यादी नाही. परीक्षा दिलेल्या आणि फॉर्म बरोबर असलेल्या सगळ्यांची आहे. दोनशे बारा नावं आहेत यात. जागा वीस. निवडीची यादी अजून लागायचीय."

सरळ जाऊन फ्लेक्स उतरवायला पाहिजे होता. मंदाला सांगायला पाहिजे होतं. मी दोन्ही केलं नाही. मनाशी म्हटलं, विसात येईलच की. देवा, आण तिला विसात. तिच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त मागत होते मी.

अकरा दिवस तो फ्लेक्स तिथं होता. दूध घालायला येणारे थांबून वाचायचे. मंदाला वाटेत लोक पेढे मागायचे, ती म्हणायची, "देते की." पण मी बघत होते, ती सकाळी डेअरीवरून जायचं सोडून मागच्या बोळातून हायवेला जायला लागली होती. उंब्रजला बातमी पोचली. दवाखान्यातल्या त्या निळ्या पोरींनी तिला साडी आणि नारळ देऊन निरोप दिला, सूनबाईंनी दोन शब्द बोलून दाखवले.

आणि एवढं होऊनही मंदा रोज संध्याकाळी उंबऱ्यात यायचीच. "काकी, फोन वाजला का?" मला वाटायचं, सवय. मी म्हणायचे, नाही गं.

मग एके दिवशी तो वाजला. मी मेडिकलवाल्याकडं गेले. त्यानं दोनदा वाचलं आणि मान हलवली. विसात नाही, वेटिंगच्या दहातही नाही.

संध्याकाळी मंदा आली. "काकी, फोन वाजला का?"

मी म्हटलं, "नाही."

दुसऱ्या दिवशीही म्हटलं, नाही. या वयात, देवापुढं रोज दिवा लावणारी बाई मी, उंबऱ्यातल्या माणसाला तोंडावर खोटं सांगत होते. का, तर गल्ली मला हसेल म्हणून.

तिसऱ्या दिवशी ती आलीच नाही. चौथ्या दिवशी सकाळी उठून बघते तर डेअरीसमोरचा फ्लेक्सही नाही. दोऱ्या खांबाला तशाच, कडेनं अगदी स्वच्छ कापलेल्या.

मी तिच्या घरी गेले. मंदा निरोपाची साडी नेसून कामावर निघायच्या तयारीत. मी साडीकडं बघतेय म्हटल्यावर म्हणाली, "काल सांजंला परत द्याया गेले, पोरी घीनात. म्हनल्या, ऱ्हावा मावशी, तुमी बी आन् साडी बी."

मी म्हटलं, "मंदा, माझ्या फोनवर तीन दिवसांमागंच आलं होतं."

"ठाव हाय. परवा तुमी च्यात साखर टाकायची इसरला. तवाच म्या वळिकलं. काल जाऊन बोर्डावर बघून आले."

"आणि ती पहिली यादी..."

"ती निवडीची न्हवती. ते बी ठाव हुतं. वर लिवल्यालं की. बारावी सायन हाय मी, काकी."

मी म्हटलं, "मग त्याच वक्ताला का नाही बोललीस? फ्लेक्स लागला, साडी झाली, लोकांनी पेढे मागितले. एवढं सगळं गिळलंस?"

ती डब्याचं झाकण लावत होती. लावून झालं तरी हात तिथंच ठेवला. "तुमी पळत आलावता. पायात चप्पल बी न्हवती. तशा मानसाला कसं सांगायचं, सांगा."

माफी मागायला आले होते, मी हात जोडायला गेले. मंदानं माझं मनगट धरलं, घड्याळ वळवलं आणि मोजायला लागली. मोजता मोजता म्हणाली, "पळतीया लय. खाली बसा. मुंगी चावली, बास. जरा मोठी हुती एवढंच. म्होरल्या साली परत भरायचा. नंबर तेवढा बदलू नगासा."

मी बसले. समोर परसात पाण्याच्या टाकीवर फ्लेक्स टाकलेला होता, उलटा, पांढरी बाजू वर. दोरीनं गच्च बांधलेला. पण त्याच्या मधोमध एक चौकोन नव्हता, त्यातून टाकीचं काळं झाकण दिसत होतं. मी वळून बघितलं तर तो चौकोन तिच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. दार अर्धं उघडं होतं. अभिनंदन गेलं होतं, शान गेली होती, आम्ही नऊ शुभेच्छुक गॉगलसकट गेलो होतो. नुसता मंदाचा चेहरा, आणि खांद्यावर तो हिरव्या बांगड्यांचा हात.

मी म्हटलं, "अगं, एवढं सगळं कापलंस, तो हात कशाला ठेवलास? किती विचित्र दिसतंय."

सतरा वर्षं प्लास्टर कापलेली बाई ती. घड्याळावरची नजर न काढता म्हणाली, "तितं कात्री चालंना." आणि मोजायचं चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.