न्हायदादांना लागलंय का?

न्हायदादांना चहा विचारून बघा. "न्हाय!" म्हणतील आणि हात पुढे करून कप घेतील. वर "साखर कमी हाय" असंही ऐकवतील. "जरा सरकता का?" म्हटलं की "न्हाय!" आणि लगेच सरकतात. एकदा मी मुद्दामच विचारलं, "दादा, तुमचं नाव बाळाराम म्हात्रेच ना?" तर "न्हाय!" म्हणाले, आणि मग आपणच दचकून इकडेतिकडे बघायला लागले.

पेणहून सकाळच्या पॅसेंजरने जंक्शनला नोकरीला जाणारं आमचं एक टोळकं आहे. त्यात सगळ्यांना दादांची भाषा पाठ आहे. न्हाय म्हणजे व्हय. खरोखरच नाही म्हणायचं असेल, तर दादा तोंड उघडत नाहीत, नुसती मान हलवतात. नवा माणूस मात्र हमखास फसतो. एकदा एका तपासनिसाने "पास आहे का?" विचारलं. "न्हाय!" त्या बिचाऱ्याने खुशीत पावतीपुस्तक काढलं, पेनाचं टोपण काढलं, तारीखही घातली. तोवर दादांनी शांतपणे खिशातून पास काढून त्याच्या नाकासमोर धरला. "मग नाही कशाला म्हणालात?" तो चिडला. दादांनी नुसती मान हलवली.

"कुणी काही दिलं की आधी नको म्हणायचं, असं सासूबाईंनी शिकवलं होतं," त्यांच्या बायकोने, सुशीलावहिनींनी, मला आठवडी बाजारात सांगितलं. "पोराने ते जरा जास्तच मनावर घेतलं. मला बघायला आले तेव्हा वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? म्हणाले, न्हाय! आमच्याकडे चुलीवरचं उतरवलंच सगळ्यांनी."

दादांचा दुसरा हट्ट खिडकीचा. तीही डावीकडचीच. त्या जागेवर कुणी बसलेलं असलं तर दादा त्याच्या डोक्यावर उभे राहतात आणि तो उठेपर्यंत खाकरतात. मला वाटायचं वाऱ्यासाठी असेल. तर तसं नव्हतं. गाडी सुटली की थोड्या वेळाने त्यांच्या गावचं फाटक लागतं. बंद फाटकापाशी एक सहा आसनी रिक्षा उभी असते आणि रिक्षाला टेकून एक माणूस, थेट दादांच्याच नाकाचा. ते फाटक जाईपर्यंत दादांशी बोलण्यात अर्थ नसतो. गेलं की मग वळून मला म्हणतात, "हां, काय सांगत व्हता गायकवाडबाई?"

"भाऊ ना तो तुमचा?" मी एकदा विचारलं.

दादांनी नुसती मान हलवली. म्हणजे खरंच नाही! मला असला राग आला. ते नाक काय उसनं आणलंय?

तेही वहिनींनीच सांगितलं. काशिनाथ, धाकटा भाऊ, एका भिंतीपलीकडे राहतो. त्याच्या लेकीच्या लग्नाआधी घराच्या वाटणीवरून दोघांची जरा बाचाबाची झालेली. तरी काशी विचारायला आला, "दादा, लग्नाला येशील ना?" दादा म्हणाले, "न्हाय." झालं! जन्मभर त्या न्हायसोबत वाढलेला माणूस, पण त्या दिवशी डोकं तापलेलं. त्याने न्हायचा अर्थ न्हायच धरला. आमच्याकडे थोरल्याला मांडवात हाताला धरून न्यायची रीत. दादा नवा सदरा घालून, टोपी चढवून ओटीवर बसून राहिले. पलीकडे अक्षता पडल्या, पंगती उठल्या. बोलवायला कुणी आलं नाही. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

आता परवाची गोष्ट. जंक्शनच्या अलीकडे आमची गाडी सिग्नलला उभी होती आणि मागून एक एकटं इंजिन हळूहळू येऊन टेकलं. टेकलं म्हणजे काय, आपण घाईत कुणाला धडकतो तेवढंच. पण धडाम आवाज झाला, दिवे गेले, आणि एका मावशीची सुकटीची पाटी सगळ्या डब्यावर पालथी झाली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, नुसता सुकटीचा वास लागला. पण काय तो गोंधळ! आमच्यातले खतीबचाचा, मूळचे श्रीवर्धनचे सुपारीवाले, "या अल्ला" म्हणत माझ्याच पिशवीला मिठी मारून बसले. एकाने आधी केस सारखे केले आणि मग घाबरून व्हिडिओ काढला. एकजण साहेबाला कण्हत फोन करत होता, "सर, फार मोठा ॲक्सिडेंट!" आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला, "सुट्टी मिळाली. सुकटीचा काय भाव लावतात हो या?"

आम्ही सगळे खाली उतरून रुळांशेजारच्या रस्त्याकडेला बसलो. तेवढ्यात दादांचा फोन वाजला. दादा फोन कायम स्पीकरवर लावून हातभर लांब धरतात, त्यामुळे वहिनींचा आवाज आम्हा सगळ्यांनाच ऐकू आला. "अहो, गाडीला गाडी धडकली म्हणतात! तुम्हाला लागलंय का?"

दादांनी मान हलवली.

"अहो, बोला ना! लागलंय का?"

दादांनी आणखी जोरात मान हलवली. चाचांनी त्यांना ढोसलं, "अरे दादा, फोनमध्ये मान दिसत नाय! तोंडाने बोल!"

"न्हाय!" दादा ओरडले.

तिकडून किंकाळीच आली. "लय लागलंय?"

"न्हाय! न्हाय!"

धप्पकन काहीतरी पडलं आणि फोन कट झाला. मग मी आणि चाचांनी आळीपाळीने फोन लावला. वाजत राहिला, उचलेना.

"फोन टाकून पळाल्या असतील," मी म्हटलं. "शेजारीच गेल्या असणार. काशिनाथकडे रिक्षा आहे."

दादांनी फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, "काशी येयाचा न्हाय."

आणि काय सांगू, त्या न्हायचा अर्थ आमच्यापैकी एकालाही लागला नाही. दादांनाही लागला नसावा. गाडी तपासायला माणसं आली, लोक हळूहळू चालत जंक्शनकडे निघून गेले, पण दादा काही हलेनात. मैलाच्या दगडावर बसून पेणच्या बाजूने येणारं एकेक वाहन बघत होते. चाचांनी बिस्किट पुढे केलं तर त्यांनी चक्क मान हलवली. मग आमचाही पाय निघेना.

तासाभराने ती रिक्षा आली. सदरा उलटा घातलेला काशिनाथ, मागे चादर आणि पाण्याची कळशी घेऊन वहिनी. रिक्षा धड थांबायच्या आत काशिनाथने खाली उडी मारली. दादांचे हात उचलून बघितले, गुडघे दाबले, डोकं चाचपलं. "कुटं लागलंय? दादा, बोल ना रं! लागलंय का?"

दादांनी मान हलवायला हवी होती. पण ते म्हणाले, "व्हय."

चाचांच्या हातातलं बिस्किट खाली पडलं.

"व्हय," दादा पुन्हा म्हणाले. "लय लागलंय. नवा सदरा घालून बसलो व्हतो. तू बोलवाया आलाच न्हायस."

"तूच न्हाय म्हणाला व्हतास!"

"मग? तुला कळाया पायजे व्हतं. भाऊ हायस ना माझा?"

काशिनाथने उलट्या सदऱ्याच्या बाहीने तोंड पुसलं. "आणि रोज फाटकावर कुणासाठी उभा ऱ्हातो मी? म्हशींसाठी?"

दोघंही भर रस्त्यात हमसून हमसून रडायला लागले. मलाही रडू आवरेना. एकट्या वहिनी कळशी कंबरेवर घेऊन संतापल्या होत्या. "म्हणजे लागलंबिगलं काही नाहीच? आणि मी देवाला पाच नारळ बोलून बसले ना!"

काशिनाथने रिक्षा चालू केली. "चल दादा, बस. घरी जाऊ."

"न्हाय!" दादा म्हणाले, आणि पुढे जाऊन त्याच्या शेजारी बसले.