राउटरचा रुसवा

बार्शीच्या कोरक्यांच्या घरातल्या जुन्या राउटरने बारशाच्या दिवशी सकाळी नव्या कॉम्प्युटरशी बोलायला साफ नकार दिला, आणि तसं शालनताईंना तोंडावर सांगितलं.

चूक कॉम्प्युटरची होती, हे कुणालाही दिसत होतं. खोक्यातून बाहेर निघाला, टेबलावर बसला, आणि घरातल्या वडीलधाऱ्याला नमस्कार करायचं सोडून जमलेल्या बायकांसमोर म्हणाला, "हे नेटवर्क सुरक्षित नाही."

"ऐकलंत?" राउटर फळीवरून म्हणाला. "इतकी वर्षं मी या घरात हाय. कुणाचं बोलणं कधी कुणाला सांगितलं न्हाई. आन् हे कालचं पोरगं माझ्या चारित्र्यावर बोट ठेवतंय?"

शालनताईंनी घड्याळाकडे पाहिलं. तिकडे कॅनडात त्यांचा धाकटा भाऊ धनराज पाळणा सजवून बसला होता. मुलीच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या त्या एकट्याच. पडद्यावर बाळ मोठं दिसावं म्हणून धनराजनेच हा कॉम्प्युटर पाठवला होता. नाव त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं, पण ते कधीच ठरलं होतं. गेल्या साली आई गेली. आईचं नाव भागीरथी. ते नाव पुन्हा घरात हाक मारायला मिळावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी मोबाइल उचलला. तोही राउटरच्याच पंगतीतला, जुना. त्याने मान फिरवली. मग भावकीत फूट नको म्हणून पाहुण्या बायकांचे मोबाइलही उंबऱ्याच्या आत गप्प झाले.

"मग नवा राउटर आणा की," शेजारच्या पुष्पलता म्हणाल्या.

सगळ्या त्यांच्याकडे बघतच राहिल्या. घरातलं म्हातारं माणूस रुसलं म्हणून बाजारातून दुसरं कुणी आणतं का? पुष्पलतांनी जीभ चावली आणि घुगऱ्या द्रोणांत भरायला घेतल्या.

शेवटी शालनताईंचे यजमान बंकटराव टोपी घालून पुढे आले. लग्नातले रुसवे काढण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. नवरदेवाचा मामा मांडवाबाहेर जाऊन बसला, की लोक आधी बंकटरावांना शोधत. त्यांनी फळीखाली सतरंजी अंथरली, पान-सुपारी ठेवली आणि रीतसर बैठक बसवली. कॉम्प्युटरला वायरसकट उचलून समोर आणून बसवलं.

"पाव्हणं," ते कॉम्प्युटरला म्हणाले, "तुमचं काय म्हणणं हाय?"

"माझा आक्षेप व्यक्तीवर नाही," कॉम्प्युटर म्हणाला. "यांची कुलपाची पद्धत जुनी आहे. अशा पद्धतीशी संबंध ठेवू नये, असं मला घरून शिकवलेलं आहे."

"घर कुठलं तुमचं?"

कॉम्प्युटर जरा घुटमळला. "ते निश्चित सांगता येणार नाही. निरनिराळ्या देशांतले भाग आहेत."

बायकांमध्ये कुजबुज झाली. राउटरचे हिरवे दिवे भराभर लुकलुकले.

"हे बघा," बंकटराव म्हणाले, "तिकडं लेकरू पाळण्यात ताटकळलंय. पाव्हणं, तुमी एक नमस्कार घाला. आन् भाऊ, तुमी मन मोठं करा. तुमचा जो काय मान आसंल, तो आमी देतो. मागा."

हे वाक्य बंकटराव प्रत्येक मांडवात बोलत. मामा फेटा मागायचा, फार तर शालजोडी. बैठकीत दिलेला शब्द फिरवायचा नसतो, हा तर त्यांचाच नियम होता.

कॉम्प्युटरने पडदा मिटून नमस्कार केला.

राउटर म्हणाला, "आत्याचा मान द्या."

शालनताईंच्या हातातलं कुंकवाचं ताट खाली आलं.

"आवं भाऊ," बंकटराव म्हणाले. "आत्या बाईमाणूस आसती."

"आत्या म्हंजे कोण? जिच्या तोंडनं नाव लेकराच्या कानात जातं ती. ह्या बाई हितं बोलणार, टेबलापाशी. पुढं न्हेणार कोण? आजवर मी नेलं आन् नाव दुसऱ्याचं झालं. आज मी सांगीन ते नाव."

बंकटरावांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बायकोकडे बघायची त्यांची छाती होईना. मागणी ऐकायच्या आधी मान देऊन टाकणं, हे त्यांचं नेहमीचंच होतं. पण नेहमी समोर मामा असायचा.

"शबूद दिलाय तुमी," शालनताई म्हणाल्या. "द्या आता."

बंकटरावांनी मान डोलावली आणि पडदा उजळला. धनराज, त्याची बायको प्राजक्ता आणि पाळण्यातलं गोरंगोमटं बाळ एकदम समोर आलं. इतकं स्पष्ट, की बाळाच्या हनुवटीवरची लाळ दिसत होती. ती हनुवटी थेट आईची होती. शालनताईंना हुंदका आवरेना.

"ताई, सांगा नाव," धनराजने त्याच्याकडचा पडदा बाळाच्या कानाशी नेला.

शालनताई टेबलापासून मागे सरकल्या. फळीवरून बारीक आवाज आला, "कुर्रर्र." मग काहीतरी पुटपुटणं. बार्शीत कुणालाच नाव ऐकू आलं नाही.

तिकडे धनराजचा चेहरा पांढरा पडला. "ताई, हे... तुमचंच नाव?"

"काय?"

"कानात 'शालन' असंच ऐकू आलं."

शालनताई मटकन खाली बसल्या. आपलं नाव आपणच ठेवणारी आत्या कुणी पाहिली होती? पण ठेवणारी त्या नव्हत्याच. "आन् भागीरथी?" त्यांनी फळीकडे बघून विचारलं.

"ते तुमच्या आईचं," राउटर म्हणाला. "मला हाक मारून जागं कोण करतं, पुसतं कोण, पाऊस आला की हवा कशी हाय विचारतं कोण? आत्यानं आपल्या माणसाचं नाव ठेवलं."

पुढची रीत मात्र राहिली होती. नाव सांगितलं, की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. पुष्पलता उठल्या, पदर खोचला आणि फळीवर हात नेऊन राउटरला एक हलका धपाटा घातला. मग बाकीच्या रांगेने गेल्या. "जरा हळू," राउटर म्हणत होता, पण खुशीत होता.

सगळ्यांच्या शेवटी शालनताई उठल्या. आईचं नाव गेल्याचा राग त्यांच्या हातात होता, आणि दुसरंही काहीतरी होतं. त्यांनी चांगला सणसणीत धपाटा घातला.

दिवे दचकले, पण लाइन तुटली नाही. धक्का मात्र पार कॅनडापर्यंत गेला आणि बाळाने भोकाड पसरलं. प्राजक्ताने त्याला छातीशी धरलं. वयाने मोठ्या नणंदेचं नाव तिने आजवर कधी घेतलं नव्हतं. ती अडखळली, मग डोळे मिटून म्हणाली, "शालन, रडू नको गं. आहे ना मी."

बार्शीत शालनताईंनी पदराने डोळे पुसले आणि मान हलवली.