ग्रेचनबाईंची माफी

या, जरा पुढे सरकून बसा. चर्चचा ऑर्गनवाला घाम पुसतोय, तेवढ्यात ग्रेचनबाईंची गोष्ट ऐकून घ्या. ऐकाल तर हसाल, आणि हसता हसता त्यांना मनातून हात जोडाल.

ग्रेचन हॅल्वर्सन या अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या एका शाळेत पाचवीच्या बाई. गोऱ्या, सरळमार्गी, वय सत्तावन्न. आपल्या मनातला वर्णभेद ओळखून तो कसा उपटायचा, याचं आठ आठवड्यांचं प्रशिक्षण त्यांनी नुकतंच पुरं केलं होतं. तेही स्वतःहून, पहिल्या रांगेत बसून. आणि मंगळवारी अर्नेस्टिन टॉलिव्हर मुलीबद्दल बोलायला वर्गात आल्या, तशा बाई तोंडभर हसून म्हणाल्या, "या, या, मिसेस पेटवे!"

मिसेस पेटवे म्हणजे वर्गातल्या दुसऱ्या काळ्या मुलाची आई. त्या ठेंगण्या आणि चष्मेवाल्या. या चांगल्या पावणेसहा फूट.

"मी टॉलिव्हर. झारियाची आई," अर्नेस्टिन म्हणाल्या. "बाई, ते वरच्या गणिताच्या वर्गाचं..."

पण ग्रेचनबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. चूक झाली तर सबबी सांगायच्या नाहीत, पुरती कबूल करायची, असं प्रशिक्षणात शिकवलेलं. बाईंनी ती इतकी पुरती कबूल केली की भेटीची पंधरा मिनिटं संपली. शेवटची पाच तर अर्नेस्टिनच त्यांची पाठ थोपटत होत्या.

त्या वर्गाच्या अर्जावर बाईंची सही हवी होती, तीही सोमवारपर्यंत. नाहीतर झारियाचं वर्ष गेलं.

गुरुवारी बाई स्वतःच टॉलिव्हरांच्या दारात हजर! हातात ओव्हनमध्ये भाजलेल्या खिम्याची वाफाळती हॉटडिश, वर बटाट्याच्या गोळ्या ओळीने रचलेल्या.

"बाई, आत या. तो अर्ज..."

"आधी मला बोलू द्या, मिसेस टॉलिव्हर. त्या दिवशी मी माफी मागितली, पण तुम्हालाच माझी समजूत काढावी लागली. त्याचीही माफी!"

पाऊण तास गेला. हॉटडिश गार झाली, अर्ज टेबलावर तसाच.

"रविवारी चर्चला या," शेवटी अर्नेस्टिन म्हणाल्या. "तिथे तरी पास्टर दुसऱ्या कुणाला बोलू देत नाहीत."

रविवारी पास्टर गेन्स बोलता बोलता गायला लागले, सूर असा चढला की बाकं डोलू लागली. मग त्यांनी विचारलं, "कुणाला काही सांगायचंय?" आणि तिसऱ्या बाकावरून ग्रेचनबाई उठल्या.

"मी एका आईचं नाव चुकवलं..."

"सावकाश, ताई, सावकाश!" मागून आवाज आला.

"बोला, देव ऐकतोय!" ऑर्गनवाल्याने खालून सूर धरला. बाईंना आणखीच जोर चढला.

आता अर्नेस्टिन हातात अर्ज घेऊन उठल्या. "पास्टर, दोन मिनिटं द्या. बाई, नावाचं मी मंगळवारीच विसरले. माझी पोर गणितात वर्गात पहिली आली. तिचं नाव तुमच्या यादीत का नाही, तेवढं सांगा."

ऑर्गन थांबला.

"झारिया फार शांत मुलगी आहे," बाई म्हणाल्या. "मला वाटलं, तिला झेपेल की..."

आपण काय बोललो, ते त्यांचं त्यांनीच ऐकलं होतं. डोळे भरून आले, पण त्या रडल्या नाहीत, माफीचा शब्दही काढला नाही. पेन मागितलं, समोरच्या बाकाच्या पाठीवर अर्ज टेकवून सही केली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आणखी कोण राहिलंय ते बघते."

दुपारभर त्यांनी घरी मुलांच्या वर्षभराच्या गणिताच्या वह्या चाळल्या. तिघं सापडली: पेटवेंचा मुलगा आणि आग्नेय आशियातून आलेल्या ह्मॉंग घरांतल्या दोन मुली. सोमवारी सकाळी चारही अर्ज मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

"बाई, मुदत आजची खरी, पण जागा भरल्या म्हणून यादी शुक्रवारीच बंद केली हो. मला खरंच फार वाईट वाटतं. अगदी मनापासून माफी..."

ग्रेचनबाईंनी खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसल्या.

"माफी राहू द्या, सर. सही करा. मी बसलेय."

साडेअकरापर्यंत बसल्या. चारही मुलं आज वरच्या वर्गात आहेत.

बघा, ऑर्गन पुन्हा सुरू झाला. प्रार्थनेला डोळे मिटाल तेव्हा ग्रेचनबाईंची आठवण ठेवा. या महिन्यात त्यांनी चौथीच्या याद्या मागवल्यात, आणि चौथीच्या बाई म्हणजे त्यांची सख्खी धाकटी बहीण.