व्हर्लिन टकर यांची पहिली बंदूक

हार्लन बेंड गावातल्या व्हर्लिन टकर यांच्याकडे बंदूक नाही, ही गंभीर बाब त्यांनी साठी ओलांडली तरी कुणाच्या ध्यानात आली नव्हती. शाळेची बस चालवून ते निवृत्त झाले होते, बायको देवाघरी गेली होती, आणि घराच्या मागच्या जाळीच्या दाराला कडीसुद्धा नव्हती. कॅन्ससच्या त्या भागात शेजारी पुढच्या दाराने येतच नाहीत. मागून शिरतात, "आहेस का रे?" म्हणत फ्रिज उघडतात आणि उत्तर यायच्या आत खुर्चीत बसलेले असतात. एकट्या माणसाचं घर अशा ये-जा करणाऱ्यांवरच चाललं होतं, आणि बरं चाललं होतं.

मग एका शनिवारी सकाळी पडवीतली शिडी नाहीशी झाली.

"चोरी!" शेजारच्या ओपल हकबीबाईंनी निकाल दिला. हातात नेहमीप्रमाणे कॅसरोलचं, म्हणजे भट्टीत भाजलेल्या बटाटा-चीजचं, गरम भांडं होतं. दार त्यांनी कोपराने ढकललं होतं. "आज शिडी गेली, उद्या तू जाशील. आणि घरात साधी बंदूक नाही? लोकांना काय तोंड दाखवशील?"

"अगं, शिडीची एक पायरी मोडकी होती."

"ते चोराला काय माहीत? पडला असता तर त्यानेच तुझ्यावर खटला भरला असता."

पहिली बंदूक कोणती घ्यावी, यावर दुपारपर्यंत गावाचं मत तयार झालं. म्हणजे प्रत्येकाचं एकेक झालं. ओपलबाई म्हणाल्या, ॲप्रनच्या खिशात मावेल असं पिस्तूल घे. व्हर्लिन यांच्याकडे ॲप्रन नव्हता. तोही घे, म्हणाल्या. चर्चचे पाद्री म्हणाले की दुनळी घ्यावी, कारण ती नुसती उघडमीट केली तरी त्या आवाजाने पापी माणसाचं हृदयपरिवर्तन होतं. हा उपाय व्हर्लिन यांना मानवला. त्यांना कुणाला मारायचं नव्हतं, फक्त आवाज करायचा होता. त्यासाठी घरात परात होती, पण हे त्यांना कुणी सुचवलं नाही.

रस्टीचं दुकान बंदुकांचं. तिथे गळाला लावायची गांडुळंही मिळत. रस्टीने एक अर्ज पुढे सरकवला. आपण फरार आहात काय? नाही. आपणास व्यसन आहे काय? नाही. इतक्या गोष्टी नसलेला माणूस पात्र ठरतो, या तत्त्वावर अर्ज मंजूर झाला. गावच्या वाचनालयाने सभासद करून घेताना विजेचं बिल मागितलं होतं. पण पुस्तकाचं काय सांगावं, कुणाच्याही हाती लागतं.

"आता नीट ऐक," रस्टी म्हणाला. "चोर सगळ्यात आधी काय चोरतात, माहितेय?"

"शिड्या?"

"बंदुका! तुझ्या घरात आजवर चोरण्यासारखं होतं काय? आता आहे. तिजोरी नको?"

व्हर्लिन यांना हे पटलं. ज्या बंदुकीने घर राखायचं, ती राखायला तिजोरी घेतली. काडतुसं बंदुकीजवळ ठेवू नयेत, असाही नियम होता, म्हणून ती तळघरात गेली. चोर आला तर त्याला बसायला सांगून आधी तिजोरीच्या कुलपाचे आकडे जुळवायचे, मग तळघरात जाऊन यायचं, अशी चोख व्यवस्था झाली. मागच्या दाराला कुलूप बसलं. कुंपणावर त्याच संध्याकाळी रस्टीने फुकट दिलेली पाटी लागली: 'आत येणाऱ्यावर गोळी झाडण्यात येईल. चौकशी त्यानंतर होईल.'

तिजोरी स्वयंपाकघराच्या पुढे सरकेना, म्हणून आणणाऱ्यांनी ती तिथेच, फ्रिजच्या जागी ठेवली. फ्रिज पडवीत गेला.

त्या दिवसापासून घर पूर्ण सुरक्षित झालं. कुणीच येईना.

ओपलबाई एकदा कुंपणापर्यंत आल्या. "व्हर्लिन, मी आहे रे! ओपल! हात वर करू का?"

"कर की!"

"कॅसरोल सांडेल!"

"मग खाली ठेव!"

"खाली वाकले तर हात दिसायचे नाहीत तुला!" यावर दोन्ही बाजूंनी बराच विचार झाला. शेवटी भांडं परत गेलं. व्हर्लिन खिडकीत उभे होते. त्यांना तेव्हा रडू आलं, आणि भूकही लागली होती.

पुढे एका दुपारी ते तिजोरीला टेकून गार सूप पीत असताना जमिनीच्या जुन्या फळ्यांनी मान टाकली. तिजोरी तळघरात गेली, जाताना तिने जिना मोडला, आणि मागोमाग व्हर्लिन पोहोचले. पाय मुरगळला. ते तिजोरीवर बसून ओरडू लागले.

तळघराच्या झरोक्यातून आवाज गावभर गेला. सगळे धावले, आणि कुंपणाशी येऊन शिस्तीत थांबले.

"व्हर्लिन!" भोंग्यातून डेलचा आवाज आला. डेल हा गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख, आणि एरवी फ्रिज उघडणाऱ्यांतलाही प्रमुख. "शस्त्र असलेल्या घरात शेरीफशिवाय शिरता येत नाही. शेरीफ मासे धरायला गेलेत."

"अरे, बंदूक तिजोरीत आहे! तिजोरी माझ्या खाली आहे!"

"म्हणजे तू बंदुकीवर बसलायस," डेलने गंभीरपणे नोंद घेतली.

"मला आकडेसुद्धा आठवत नाहीत रे!"

"असं सगळेच म्हणतात," ओपलबाई कुजबुजल्या.

"निदान शिडी तरी टाका कुणी!"

डेलने भोंगा खाली घेतला.

"शिडी आहे माझ्याकडे," डेल म्हणाला. "तुझीच आहे. पन्हळी साफ करायला नेली होती. रविवारी परत घेऊन आलो, तर ही पाटी. वाचली आणि मागे फिरलो."

"न विचारता नेलीस?"

"तुला विचारून मी आजवर काय नेलंय?"

अंधारात, मोडक्या जिन्यापाशी, व्हर्लिन यांना त्या शिडीची मोडकी पायरीसुद्धा आठवली.

सूर्य कलल्यावर शेरीफ आले, हातात मासे. त्यांनी तिजोरी बंदच असल्याची खात्री करून घेतली, शिडी खाली सोडली, आणि व्हर्लिन वर आले. रस्टीने त्यांचा फोटो दुकानात लावला. खाली लिहिलं: 'भर दिवसा सगळं गाव जमलं, तरी एकालाही आत शिरता आलं नाही.' विक्री वाढली.

व्हर्लिन यांनी दुसऱ्याच दिवशी पाटी काढली, कुलूप काढलं, दार सताड उघडं ठेवलं. पण सवय मोडली ती मोडलीच. ओपलबाई आता आधी फोन करतात, आणि भांडं कुंपणावर ठेवून जातात. शिडी पडवीत आहे. व्हर्लिन ती रोज अशी ठेवतात, की रस्त्यावरून जाणाऱ्याला सहज दिसावी. कुणी नेत नाही.

तुम्हाला हसू आलं असेल. येणारच; तुमच्याकडे बंदूक कुठे आहे? नुसतं बाहेर लोखंडी दार, आत लाकडी, मधे साखळी, दाराला भिंग, वर कॅमेरा, आणि खाली फाटकाशी, वर फोन करून विचारल्याशिवाय कुणाला सोडू नको, असं बजावलेला रखवालदार. तेव्हा एवढंच सांगा, तुमची शिडी न विचारता शेवटची कोणी नेली होती?