निवृत्तीतात्यांची आडमुठी थाळी

आमचे निवृत्तीतात्या जेवायचे उजव्या हाताने, सही करायचे उजव्या हाताने, द्राक्षाची छाटणीही उजव्या हाताने. पण संध्याकाळी माळावर जाऊन प्लॅस्टिकच्या थाळ्या फेकायचे, त्या मात्र डाव्या हाताने. फेकायचे आणि थाळीच्या मागे ओरडायचे, "अगं, तिकडं कुठं निघाली? तिकडं विहीर हाय!"

थाळी ऐकत नसे.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नारायणगावला बँकेत होतो आणि राहायला आळे गावात, तात्यांच्या बांधाला बांध लागून. त्यांची द्राक्षबाग, माझे टोमॅटो आणि दोघांच्या मागे तो खडकाळ माळ. माळावर पूर्वी फक्त शेळ्या यायच्या. तात्यांचा खेळ सुरू झाल्यावर शेळ्याही जपून यायला लागल्या.

तात्यांची एकुलती एक मुलगी, सविता, अमेरिकेत. तिच्या पहिल्या बाळंतपणाला तात्या आणि इंदूकाकी दोघं गेले. बागेची छाटणी तोंडावर आली तेव्हा तात्या एकटेच परतले. बाळ लहान, सविताची नोकरी, म्हणून काकी राहिल्या. पुढे दुसरं बाळ झालं. काकी मध्ये थोडे दिवस इकडे यायच्या आणि पुन्हा बोलावणं आलं की जायच्या.

अमेरिकेहून आलेली माणसं चॉकलेटं आणतात, अत्तराच्या बाटल्या आणतात. तात्यांनी खेळ आणला. 'डिस्क गोल' म्हणायचे ते त्याला.

"म्हंजे गोल्फच, पण चेंडू न्हाई, थाळी. खड्डा न्हाई, टोपली," ते पारावर समजावून सांगायचे. "लांबून थाळी फेकायची, पडंल तितं चालत जायचं, तितनं परत फेकायची. टोपलीत पडली की झालं."

"आन् झाल्यावर?" कुणीतरी विचारायचं.

"झाल्यावर घरी जायचं."

पार हसायचा. तात्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना राग यायचा तो थाळीला कुणी ताटली म्हटलं की. "ताटलीत चिवडा खात्यात! ही थाळी हाय, थाळी!" एकदा माझी बायको म्हणाली, "तात्या, थाळीत तर अख्खं जेवण वाढतात." तात्या चहा न घेताच उठून गेले.

काकी पुन्हा तिकडे गेल्यावर टोपली त्यांनी नारायणगावात बनवून घेतली. लोखंडी पाइप, वर जुनी रिंग, रिंगेला लोंबणाऱ्या गुरांच्या साखळ्या आणि खाली जाळीची परडी. थाळी साखळ्यांना धडकायची आणि परडीत पडायची. वेल्डिंगवाल्याने विचारलं होतं, "तात्या, कोंबड्या डालायच्या का हितं?"

टोपली माळावर उभी राहिली आणि तात्यांची खरी अडचण सुरू झाली. पश्चिमेचा वारा तिथे समोरून अंगावर येतो. शेवटची फेक माळावरच्या कडुलिंबाखालून करायची. टोपलीच्या डाव्या हाताला माझे टोमॅटो, उजव्या हाताला विहीर. साधी थाळी वाऱ्यात कलंडायची आणि भलतीकडे निघून जायची.

"आपल्याला आडमुठी थाळी पायजे," तात्या म्हणाले.

आडमुठी म्हणजे वाऱ्याचं न ऐकणारी. समोरून कितीही वारा येवो, ती कलंडत नाही. नेटाने जाते आणि शेवटी आपल्या ठरलेल्या बाजूला वळून धपकन बसते. सविताने कुणाकुणाबरोबर तीन थाळ्या पाठवल्या: लाल, पिवळी आणि निळी. तात्या त्या बैल पारखावा तशा पारखायचे. कडेवरून अंगठा फिरवायचे, पोट दाबायचे, डोळ्यांसमोर आडवी धरून एक डोळा मिटायचे.

"ही निळी लई गरीब. वारा म्हनंल तिकडं जाती. लाल लई आडमुठी. पिवळी मदली, पन तिच्यावर भरवसा ठेवावा का न्हाई, त्ये कळंना."

"मग लाल घ्या ना," मी म्हणालो. "तुम्हाला आडमुठीच हवी होती."

"लाल माझ्या हाताला बरूबर हाय वो. पन..." एवढं बोलून त्यांनी लाल थाळी डाव्या हातात घेतली आणि फेकली. थाळी वाऱ्याला न जुमानता सरळ गेली, शेवटी उजवीकडे वळली आणि विहिरीत पडली. मग आम्ही दोघं बादल्या काढायचा गळ घेऊन विहिरीच्या काठावर पालथे पडलो. थाळी निघाली तेव्हा दिवस मावळला होता.

"तात्या, तुम्ही उजव्या हाताने का फेकत नाही?" मी वैतागून विचारलं. "उजव्याने फेकली तर ती शेवटी डावीकडे वळेल. विहिरीचा प्रश्नच मिटला."

तात्यांनी थाळी धोतराच्या सोग्याला पुसली. "मला कुटं अडचन हाय? आमची ही डावरी हाय."

मी गळाची दोरी गुंडाळायला घेतली होती, ती तशीच सोडली.

"तिकडं आमी दोगं खेळायचो रोज. तिची फेक माझ्यापरीस झ्याक. पुढल्या महिन्यात ती येनार. हितं आल्यावर पयल्याच दिशी तिची थाळी हिरीत गेली, तर ती म्हनंल, एवढ्या दिसात ह्यांनी केलं काय? तिच्या हाताला कंची बसती, त्ये बघाया नको?"

त्यानंतर मी हसणं सोडलं. निळी थाळी माझ्या टोमॅटोंत शिरायची, झाडांना आधाराची तारकाठी वाकवायची, पण मी तक्रार केली नाही. तात्यांचा डावा खांदा सुजला. बायकोने त्यांना हळदीचा लेप करून दिला. ते लेप लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा लिंबाखाली हजर. अखेर त्यांनी पिवळी पक्की केली. वाऱ्याला दाद देत नाही आणि वळते ती विहिरीच्या अलीकडेच थांबते. निवडीची बातमी त्यांनी मला थेट बँकेत येऊन दिली. काउंटरवर रांग होती. रांगेतल्या लोकांना वाटलं, तात्यांच्या नात्यात कुठेतरी सोयरीक जमली.

काकी आल्या. वाळलेल्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी आम्हा नवरा-बायकोलाही माळावर बोलावलं. लिंबाखाली पाणी मारून जागा सारखी केली होती. तात्यांनी पिवळी थाळी काकींच्या डाव्या हातात दिली.

काकींनी हात उचलायला घेतला. तो छातीच्या वर गेला नाही.

"खांदा धरलाय," त्या हळूच म्हणाल्या. "दोन्ही पोरं कडेवर. ह्याच हातावर घ्यायची सवय. तितला डाक्टर म्हनतो, वेळ लागंल."

"फोनवर सांगितलं न्हाई."

"काय सांगायचं त्यात? तुमी हितं एकलं. उगं घोर लावून घ्याल."

तात्यांनी "बरं, बरं" म्हणत थाळी परत घेतली आणि विनाकारण तिची कड तपासायला लागले. मग पायात काहीतरी रुतल्यासारखे वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले.

माझी बायको काकींना म्हणाली, "इतका आवडीचा खेळ, आणि नेमकं असं झालं."

"आवडीचा?" काकी हसल्या. "मला कसला आवडतोय बाई! साखळ्या वाजल्या काय, न्हाई वाजल्या काय." त्यांनी तात्यांकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "लगीन झाल्यापासनं हे पुढं आन् मी मागं. बाजारला जाऊ द्या, देवाला जाऊ द्या. हे तरातरा पुढं. तितं लेकीकडं मात्र थाळी फेकली की दोगं संगं चालायचो, ती पडंल तितवर. बोलायचो. लेकीच्या लहानपनचं, बागंचं, कशाचंबी. एवढं ह्ये बोलत्यात, त्ये मला तितं गेल्यावर कळलं."

तात्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे. ते सरळ झाले, लिंबाखाली उभे राहिले आणि पिवळी थाळी उजव्या हाताने फेकली. वारा समोरून येत होता. थाळी कलंडली नाही, नेटाने गेली आणि टोपलीच्या पायाशी अलगद बसली. इतकी सुंदर फेक मी त्यांची पाहिली नव्हती. मी टाळ्या वाजवल्या.

दोघं चालत निघाले आणि लगेच पोचले.

"एवढ्यातच झालं?" काकी म्हणाल्या.

तात्यांनी थाळी उचलली. परडी हाताच्या अंतरावर होती. त्यांनी टोपलीकडे पाठ केली, अंग पिळलं आणि थाळी फेकून दिली, वाऱ्याच्या पाठीवर, माळाच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे ओढ्याकाठच्या बाभळी दिसतात तिकडे.

"तात्या, चुकली!" मी ओरडलो.

"चुकू द्या, भाऊ," काकी म्हणाल्या.

तात्या सवयीने दोन पावलं पुढे गेले, थांबले, आणि काकी बरोबरीला आल्यावर पुन्हा चालू लागले. खडकाळ जागी काकी हळू व्हायच्या, तसे तेही हळू व्हायचे. मध्येच तात्या हातवारे करून काहीतरी सांगत होते, काकी मान हलवत होत्या. आम्ही दोघं लिंबाखाली थोडा वेळ उभे राहिलो आणि मग त्यांना न सांगता घरी आलो.