बाबा यागा आणि शांतारामकाकांचं दार

आमच्या शेजारचे शांतारामकाका दारात आलेल्याला आधी पोहे खायला लावतात, चहा पाजतात आणि मग डोळे बारीक करून विचारतात, “मनानं आलास, की कुणी धाडलं?” गॅसवाला म्हणतो, एजन्सीनं धाडलं. मतं मागायला आलेले आणखी पोहे मागतात.

हा प्रश्न रशियन गोष्टींतल्या बाबा यागाचा; दारात आलेल्याला ती हेच विचारते. बाबा म्हणजे तिकडे म्हातारी. काका जन्मभर बोटीवर होते. रशियातल्या कुठल्याशा बंदरात बोट बर्फात अडकली, तेव्हा ही तिथली चेटकीण त्यांच्या मानगुटीवर बसली ती बसलीच. बाई उखळात बसून उडते, मुसळानं वल्हवते आणि तिचं घर कोंबडीच्या पायांवर उभं! दिघीच्या जेट्टीवर फेरीबोटीची वाट बघणाऱ्यांना काका येरझाऱ्या घालत हे ऐकवतात. बूड टेकणं त्यांना ठाऊकच नाही.

“चेटकीण कसली? जुनी देवी ती, मेलेल्यांच्या मुलखाच्या वेशीवरची राखणदार. विद्वानसुद्धा म्हणतात. लोक भ्यायले नि देवीची चेटकीण केली.” मग कोंबडीचे पाय कुठून आले, मी विचारायचे. “आपण देवीला कोंबडं देतो ना? तिनं पाय तेवढे ठेवून घेतले.”

मी पोट धरून हसायचे. मग सासऱ्यांकडून कळलं. काकांची आई झाडपाल्याचं औषध द्यायची. एक पोर दगावलं आणि गावानं तिला चेटकीण ठरवलं. तेव्हापासून शिमग्यात देवीची पालखी घरोघरी जाते, पण त्यांच्या दारावरून पुढे. आई गेली तरी तेच. काका मात्र दर शिमग्याला अंगण सारवून, रांगोळी घालून सकाळपासून आत-बाहेर करत राहतात.

ऐकून माझं डोकंच फिरलं. सासरे पालखीचे मानकरी. यंदा मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. आधी ते चिडले, मग अबोला धरला. शिमग्याला मात्र ढोल वाजत वाजत पालखी काकांच्या अंगणात वळली.

काका उंबऱ्यात आडवे उभे. पोहे नाहीत, चहा नाही. आधी प्रश्नच विचारला.

“मनानं आलात, की कुणी धाडलं?”

धाडलं तर मीच होतं. सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

“पालखीला कोन धाडनार, शांताराम? ती तिच्या मनानं येते.”

काका बाजूला झाले. रिकाम्या घराकडे वळून म्हणाले, “आये, भायेर ये. देवी आलीय.”